टोकियोत राहण्यासाठी वस्ती कशी निवडली? आपले अनुभव लिहा

टोकियोत नोकरीसाठी येणारी बहुतेक मराठी कुटुंबे भाडे आणि घराची छायाचित्रे पाहून घर ठरवतात आणि वस्तीचा विचार सामान लागल्यावर करतात. माझेही तसेच झाले. जाहिरातीत स्टेशन 12 मिनिटांवर होते, परंतु येथे 80 मीटरला एक मिनिट असा हिशेब करतात आणि त्यात चढ किंवा सिग्नलवरचा खोळंबा धरत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. बाळाची गाडी ढकलत तो चढ दोन वर्षे चढल्यावर आम्ही घर बदलले. आपण कोणती वस्ती निवडली, का निवडली आणि आज पुन्हा तीच निवडाल का, हे सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निशी-कासाई, एदोगावा वॉर्ड

2000 सालच्या आसपास भारतीय संगणक अभियंते येथे राहू लागले, त्याचे मुख्य कारण तोझाई मेट्रो. ओतेमाची आणि निहोनबाशीच्या कार्यालयांत गाडी न बदलता जाता येते. आम्ही आलो तेव्हा दोन घरमालकांनी परदेशी भाडेकरू नको म्हणून नकार दिला होता. यूआर या सार्वजनिक संस्थेच्या इमारतीत मात्र जामीनदार लागला नाही आणि ‘रेकिन’, म्हणजे मालकाला द्यायची व कधीही परत न मिळणारी रक्कम, द्यावी लागली नाही. तूरडाळ, कढीपत्ता, मुलांना इंग्रजी माध्यमाची भारतीय शाळा, सणाला हक्काने बोलावणारे शेजारी हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर मिळाले. मूळच्या अंबरनाथच्या योगेंद्र पुराणिक यांना 2019 मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर मतदारांनी निवडून दिले, त्या दिवशी आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. उणीव एकच: जलद गाड्या येथे थांबत नाहीत आणि सकाळच्या गर्दीत आपल्या मुंबईच्या लोकलची आठवण येते. तरीही, जपानी न येणाऱ्या जोडीदाराला घेऊन पहिल्यांदाच येणाऱ्यांना मी हीच वस्ती सुचवीन.

निशी-कासाईतूनच, पण वेगळे मत

वर लिहिणाऱ्या ताईंचे सारे म्हणणे खरे आहे, पण जमिनीबद्दल त्यांनी लिहिलेले नाही आणि ते लिहिणे मला आवश्यक वाटते. एदोगावा वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मे 2019 मध्ये वॉर्डाने काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर आपल्याच भागाबद्दल ‘येथे थांबून चालणार नाही’ असे स्पष्ट छापले होते. मोठा पूर आला तर काही ठिकाणी पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, म्हणून आधीच वॉर्डाबाहेर जा, असे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हागिबिस वादळ येणार होते, तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच आजींना घेऊन टोकियोच्या पश्चिमेकडील हाचिओजी शहरात मित्राकडे गेलो. आराकावा नदीचे पाणी बांधाबाहेर आले नाही, पण पुढच्या वेळची तयारी आधीच करून ठेवायची, हे त्या रात्री आजींची औषधे मोजताना मनाशी ठरले. आम्ही वस्ती सोडली नाही. नवव्या मजल्यावर घर घेतले, 1981 नंतरच्या भूकंप-नियमांनुसार बांधलेली इमारत निवडली आणि वादळात कुणाकडे जायचे ते लिहून ठेवले. घर पाहायला जाण्याआधी वॉर्ड कार्यालयातून हा नकाशा घ्या, तो फुकट मिळतो.

नेरिमा

आम्ही मुद्दाम पश्चिमेकडे, मुसाशिनोच्या उंच पठारावर घर घेतले. टोकियोच्या 23 वॉर्डांत सर्वाधिक शेती येथेच उरली आहे, आणि शेताच्या कडेला ठेवलेल्या पेटीत पैसे टाकून मुळा किंवा कोबी घेता येतो. मसाल्यांसाठी परदेशी किराणा दुकाने असलेल्या शिन-ओकुबो भागात जावे लागते. आसपास मराठी कुणी नसल्यामुळे पहिले वर्ष पत्नीला फार एकटे गेले, हे मला लिहिलेच पाहिजे. मुलगी सरकारी शाळेत गेली आणि तिच्या मैत्रिणींच्या आयांमुळे पत्नी जपानी शिकली, तेव्हा ते बदलले.

योकोहामा, मिदोरी वॉर्ड

आमचा निर्णय शाळेने केला. किरिगाओका येथे भारतीय शाळा आहे, आणि आसपासच्या जुन्या वसाहतींत भाडे टोकियोपेक्षा कमी पडले. भाग डोंगराळ आहे, त्यामुळे विजेवर चालणारी सायकल घेतली. माझा प्रवास रोज जाऊन-येऊन अडीच तासांचा झाला; मुलगा दहावीपर्यंत आहे तोवर मी तो करणार आहे. येथे घर पाहायला याल तर मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास या आणि तोकाइचिबा स्टेशनहून आपल्या कार्यालयापर्यंत एकदा जाऊन पाहा.