स्प्रेडशीटमधली 'सूत्र', 'फंक्शन' आणि 'बेरीज'

प्रश्न : स्प्रेडशीटबद्दल मराठीत लिहिताना 'फॉर्म्युला' आणि 'फंक्शन' या दोहोंना सर्रास 'सूत्र' म्हटलं जातं. हे योग्य आहे का? आणि 'सम'साठी 'बेरीज' लिहावं की 'एकूण'?

उत्तर : दोहोंना एकच शब्द वापरू नये, शिकणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. सेलमध्ये, म्हणजे तक्त्यातल्या एका चौकटीत, = या चिन्हापासून पुढे आपण जे काही लिहितो, ते सगळं मिळून सूत्र. '=बी२+बी३+बी४' हे सूत्र आहे (बी२ म्हणजे बी रकान्यातल्या दुसऱ्या ओळीचा सेल), पण त्यात एकही फंक्शन नाही. '=सम(बी२:बी४)*१२' हेही सूत्र; त्यातलं 'सम' तेवढं फंक्शन.

फरक नुसता नावाचा नाही, उत्तरातही पडतो. समजा, बी३ मध्ये आकड्याऐवजी 'गैरहजर' असं लिहिलंय. अधिकचं चिन्ह वापरलेलं सूत्र तिथेच अडतं आणि एक्सेल '#व्हॅल्यू!' दाखवतं. 'सम' तो शब्द गाळून बी२ आणि बी४ची बेरीज देतं. सोय आहे, पण जपून वापरावी अशी. दुसरीकडून आणून चिकटवलेले आकडे पुष्कळदा मजकूर म्हणून साठवले जातात. दिसायला ५००, पण सेलच्या डाव्या कडेला टेकलेले. 'सम' त्यांनाही गाळतं आणि चूक झाल्याचं दाखवत नाही. अधिकचं चिन्ह मात्र त्याच ५०० ला आकडा मानून मिळवतं. त्यामुळे बेरीज कमी वाटली तर आधी आकडे कुठल्या कडेला आहेत ते पाहावं. (कुणी मुद्दाम डावीकडे सरकवले नसतील तर ही खूण चालते.)

आता 'एकूण'. आपण 'बेरीज करा' म्हणतो आणि 'बेरीज ९० आली' असंही म्हणतो. म्हणजे क्रिया आणि उत्तर, दोन्हींना हा शब्द चालतो. 'एकूण करा' असं कुणी म्हणत नाही. तो शब्द विशेषणासारखा येतो : एकूण रक्कम, एकूण गुण. म्हणून तक्त्याच्या शेवटच्या ओळीला 'एकूण' हे नाव शोभतं आणि समजावून सांगताना 'बेरीज'.

आणखी एक मत : 'फंक्शन'ला गणितात 'फलन' आहे आणि अर्थाने तो चपखल बसतो, कंसात काही द्यायचं, त्यातून एक फल मिळतं. तरी शिकवताना मी 'फंक्शन'च म्हणेन, कारण पडद्यावर शिकणाऱ्याला तोच शब्द दिसतो. 'कार्य' मात्र नको. त्यातून 'काम' एवढंच कळतं, कंसात काय द्यायचं आणि बाहेर काय येतं याचा पत्ता लागत नाही.

सूत्र मोठ्याने वाचायची सवय लावा, असंही सुचवेन. मधला अपूर्णविराम 'ते' असा वाचायचा, स्वल्पविराम 'आणि' असा. '=सम(बी२:बी९)' म्हणजे बी दोन ते बी नऊ, आठ सेल. '=सम(बी२,बी९)' म्हणजे बी दोन आणि बी नऊ, फक्त दोन. एवढ्या एका चिन्हाने बेरीज पार बदलते. १९७९ साली आलेल्या व्हिसीकॅल्क या जुन्या स्प्रेडशीटमध्ये या 'ते'च्या जागी तीन टिंबं असत, १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये दोन. चिन्हं बदलत गेली, वाचन तेच राहिलं.

पुन्हा प्रश्न : मग 'सबटोटल'ला काय म्हणावं?

उत्तर : 'पोटबेरीज'. पोटनियम, पोटकलम यांच्या चालीवर घडलेला हा शब्द ऐकताक्षणी कळतो. '=सबटोटल(९,बी२:बी९)' मधला ९ हा बेरजेचा क्रमांक आहे; १ दिला तर सरासरी येते. फिल्टर लावून काही ओळी बाजूला काढल्या की पोटबेरीज उरलेल्या ओळींचीच होते, 'सम' मात्र सगळ्या ओळी धरतं.

'गोळाबेरीज' हा शब्दही इथे नेमका उपयोगी पडतो. प्रत्येक गटाखाली पोटबेरीज घेऊन शेवटी संपूर्ण रकान्याला 'सम' लावलं, तर गटातले आकडे आणि त्यांच्या पोटबेरजा असं सगळंच मोजलं जाऊन उत्तर दुप्पट येतं. तिथेही 'सबटोटल' वापरलं, तर वरच्या 'सबटोटल'ची उत्तरं ते आपणहून वगळतं आणि गोळाबेरीज बरोबर येते.