मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर जुना लेझर प्रिंटर, दरवेळी 'फिल्टर फेल्ड'

लोकहो, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ टाकलं, बाकी सगळं झकास चालतंय पण प्रिंटरने डोकं खाल्लंय. साधा ब्लॅक-व्हाइट लेझर आहे, फक्त यूएसबी, वायफाय वगैरे काही नाही. एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) दिसतो, लोकलहोस्ट:६३१ वर कप्सच्या (लिनक्सची प्रिंटिंग सिस्टीम) पानातून अ‍ॅडही झाला, कंपनीच्या साइटवरचं ड्रायव्हरचं डेब पॅकेज (मिंटवर चालणारी इन्स्टॉल फाइल) टाकलंय. पण टेस्ट पेज दिलं की 'फिल्टर फेल्ड' (फिल्टर म्हणजे ड्रायव्हरमधला, पान प्रिंटरला कळेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम). केबल ठीक आहे, शेजारच्यांच्या विंडोजवर याच केबलने प्रिंट येते. जेनेरिक पीसीएल (बऱ्याच प्रिंटरना कळणारी भाषा) ड्रायव्हर पण लावून बघितला, तर नुसता दिवा लुकलुकतो आणि कागद काही येत नाही.

आता गंमत बघा, एरर लॉगमध्ये फिल्टरच्या नावापुढे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतंय, आणि ती फाइल तर तिथेच आहे की! एलएस केलं की दिसते, परमिशनपण बरोबर आहेत. आईला सातबारा प्रिंट करून हवाय आणि सायबर कॅफेवाला पानाला १० रुपये घेतो, त्यामुळे जरा लवकर सांगा.

प्रतिसाद १
जेनेरिकने होणार नाही. असे स्वस्त लेझर पानाचं चित्र कॉम्प्युटरकडूनच तयार करून घेतात, त्यांना पीसीएल कळतच नाही. त्या फिल्टरवर 'फाइल' कमांड चालवा आणि काय येतं ते इथे टाका.

धागाकर्ता
'ईएलएफ ३२-बिट' असं काहीतरी आलंय.

प्रतिसाद १
मग सापडलं. फिल्टर आहे, पण तो ३२ बिटचा आणि तुमची सिस्टीम ६४ ची. त्याला सुरू करणारा ३२ बिटचा लोडर मशीनवर नाही, 'सापडत नाही' ही बोंब त्या लोडरची आहे, नाव मात्र फिल्टरचं येतं. सुडो एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६ करा (टाइप अर्थात रोमनमध्ये). आय३८६, म्हणजे ३२ बिटच्या पॅकेजेसचा सपोर्ट, मिंटमध्ये बहुतेक आधीच चालू असतं. तरी अडलं तर त्याच फिल्टरवर एलडीडी (कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा, 'नॉट फाउंड' दिसेल ती लायब्ररीपण आय३८६ चीच टाका. प्रिंटर पॉज झाला असेल तर कप्समधून रिझ्यूम करा, हे लोक विसरतात आणि परत ड्रायव्हर उचकटत बसतात.

धागाकर्ता
आलं!! लिबएसटीडीसी++ पण लागलं. फक्त सातबाऱ्याच्या खालच्या ओळी कापल्या जातायत, ते का?

प्रतिसाद २
पेपर साइझ लेटर असणार. ए४ २९७ मिमी लांब आणि लेटर २७९, म्हणजे १८ मिमी गायब. कप्समध्ये सेट डिफॉल्ट ऑप्शन्समध्ये ए४ करा, आणि पीडीएफ उघडता त्या प्रोग्रामच्या पेज सेटअपमध्येपण बघा, तो कधीकधी आपलंच खरं करतो.

धागाकर्ता
दोन्हीकडे लेटरच होतं. आता पूर्ण पान येतंय, धन्यवाद मंडळी.