चावट कथेचा शेवट फसतोय, काळा विनोद साधायचा कसा?

कोरी_वही
दिवाळी अंकासाठी साधारण 2500 शब्दांची प्रौढांची कथा लिहितेय. ठाण्यातली सोसायटी, 52 वर्षांचा विवाहित सेक्रेटरी, चौथ्या मजल्यावरची विधवा. हा काहीतरी निमित्त काढून सारखा वर जातो. शेवटी ती जेवायला बोलावते आणि शेवटच्या परिच्छेदात कळतं की आधीचे दोन्ही नवरे तिनेच विष घालून मारलेत. वाचणारे म्हणतात, शेवट आधीच कळतो आणि मधला भाग नुसता चावट वाटतो, हसू येत नाही. शृंगार वाढवू की कमी करू? आणि छापल्यावर कायद्याचं झेंगट मागे लागेल का?

तिरकस
शृंगाराचं माप नंतर बघू. आधी ती नवरे मारणारी बाई काढा. भिंतीवर दुसरा हार घातलेला फोटो दिसला की वाचक पुढचं सगळं ओळखतो.

"काहीतरी निमित्त" म्हणून सोडून दिलंयत, कथा तिथेच आहे. नवरा गेलाय, शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर व्हायचंय आणि अर्ज याच्या फायलीत पडलाय. हा दर खेपेला एक कागद कमी काढतो. आधी नॉमिनेशनची प्रत, मग मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, मग इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसानभरपाईचं हमीपत्र. प्रत्येक कागदामागे एक चहा. अशाने त्याची वासना आणि खुर्ची एकाच फायलीत येतात आणि त्याची जिरली की वाचकाला बरं वाटतं. ही सोय आधी केली नाही तर शेवट नुसता क्रूर होतो.

विषाची अफवा ठेवा, विष नको. जेवणात अळूची पातळ भाजी द्या, चिंच आणि आंबट चुका न घालता. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक असतात. आंबट पडलं नाही तर ओठ चुरचुरतात, घसा खाजतो. इकडे घसा खवखवतोय आणि डोक्यात अफवा. ती फक्त फाईल आणि पेन पुढे सरकवते. "तुम्ही नाही जेवत?" "माझी संकष्टी आहे, चंद्रोदयाला वेळ आहे." बाईच्या तोंडी एकही खोटं वाक्य घालू नका. सही झाल्यावर ती आमसुलाचं सार देते, हा उतारा समजून घटाघटा पितो.

शुकसारिका
तिरकस यांचा अळू फुकट जाऊ नये म्हणून पेरणी नीट करा. "चिंच नाही घातली तर घसा धरणारच" हे वाक्य पहिल्या 800 शब्दांत यायला हवं, पण तिसऱ्याच माणसाच्या तोंडी आणि तिसऱ्याच भांडणात. समजा, सोसायटीच्या पूजेच्या केटररचं बिल अडवलंय. तेही एकदाच. दुसऱ्यांदा आलं की वाचक खूणगाठ बांधतो. अफवा मात्र तीनदा, दर वेळी थोडी फुगवून. जेवणाला 700 शब्द द्या, सहीपासून शेवटापर्यंत 200 पुरेत. आणि त्यानंतर खुलासा करणारा परिच्छेद लिहिलात तर सगळं पाण्यात.

शृंगाराबद्दल, हितोपदेशातली गवळ्याची बायको वाचा. घरात दंडनायकाचा, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याचा मुलगा. तेवढ्यात दंडनायक स्वतः येतो, म्हणून ती मुलाला धान्याच्या कोठीत लपवते. मग नवरा येतो. ती दंडनायकाला सांगते, काठी उचला आणि तणतणत बाहेर जा. नवरा विचारतो, हे काय? ती म्हणते, स्वतःच्या पोरावर भडकलेत, पोरगं इथे पळून आलं म्हणून मी कोठीत लपवलं. पोराला बाहेर काढून दाखवतेसुद्धा! नवरा खूश. संभोग तिथे एका क्रियापदात उरकलाय, हसू सगळं काठीवर आणि कोण कुठल्या क्रमाने बाहेर पडतो त्यावर. हाच सापळा इटालियन लेखक बोकाच्चोने 'डेकामेरॉन'मध्ये सातव्या दिवसाच्या सहाव्या गोष्टीत लावलाय. तिथे दोन्ही यार एकमेकांचे कुणी नाहीत आणि काठीच्या जागी सुरी आहे.

मला त्यात एक गोष्ट फार काळी वाटते. पोराने कोठीत बसून बापाचं सगळं ऐकलं असणार, त्यावर मूळ गोष्ट चकार शब्द काढत नाही. खरं तर तिथून नवी कथा सुरू होते.

तेव्हा शृंगार कमी करू नका, अंगावरून वस्तूंवर आणा. लिफ्ट चालू असताना तो जिन्याने जातो, तिसऱ्या मजल्यावर दम खातो, तोंडात वेलदोडा टाकतो, पोट आत घेऊन बेल दाबतो. चावटपणा एवढ्यातही भरपूर होतो.

दाराआड
शेवटी अंधारात माणूस बदलला तर? जुन्या गोष्टींत हमखास असतं ते.

कलमकसाई
नको. बाईने नवरा समजून दिलेली संमती असेल आणि पुरुषाला ते माहीत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 प्रमाणे तो बलात्कार आहे. आजच्या वाचकाला त्यावर हसू येत नाही.

अश्लीलतेचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम 292 आता न्याय संहितेत 294 झालंय. पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 5000 रुपयांपर्यंत दंड. मराठीतला नमुना आहेच: 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली काकोडकरांची 'शामा'. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969 मध्ये लेखक सुटला. सुटा परिच्छेद न पाहता सगळी कृती पाहायची, हा त्यातला कामाचा भाग. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2014 च्या अवीक सरकार निकालाने समाजाच्या चालू मापदंडाची कसोटी पक्की केली. वेबवर टाकणार असाल तर आयटी कायद्याचं कलम 67 वेगळं लागतं आणि त्याची शिक्षा जास्त आहे. वर सुचवलेल्या आराखड्यात मला तरी धोका दिसत नाही.

कोरी_वही
अळूचा डाव घेतेय. पण साराने घसा लगेच बरा होतो का?

तिरकस
नाही. खवखव आपली आपण, हळूहळू ओसरते. म्हणून त्याला लगेच बरं करू नका. घसा खाकरत, पाणी मागत घरी जाऊ दे. बायको विचारणारच, कुठे आणि काय खाल्लंत?