मदत हवी आहे: क्रोशाची प्रवाळं दमट हवेत ताठ कशी ठेवायची?

मालवणात आमच्या वाचनालयाच्या १० बाय १२च्या खोलीत मुलांना आत शिरून फिरता येईल असा समुद्रतळ करतोय. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ मध्ये सुरू केलेल्या क्रोशाच्या प्रवाळभिंतीवरून कल्पना सुचली. दर तीन खांबांमागे (क्रोशाच्या उभ्या टाक्यांमागे) एक खांब वाढवत गेलं की कडेला आपोआप प्रवाळासारख्या चुण्या पडतात. लोकर फ्लुरोसंट आहे, काळोखात यूव्ही ट्यूबखाली झकास उजळते.

अडचण वीतभरापेक्षा मोठ्या तुकड्यांची. ते मान टाकतात. साबुदाण्याची खळ लावली. दोन दिवस ताठ, तिसऱ्या दिवशी चिकट, आणि मुंग्या वेगळ्याच! पांढरा गोंद पाण्यात कालवून लावला, तर ताठपणा टिकला पण चमक मंदावली. तार नको, मुलं हात लावणारच. ४० तुकडे विणून झालेत, त्यामुळे लोकर बदलता येणार नाही. छताला खिळे ठोकायचे नाहीत, सगळं जुन्या जाळ्यावरच टांगायचंय. खर्च फार तर ३ हजार.

महिनाभर टिकेल, चमक मारणार नाही आणि मुलांच्या हाताला लागला तरी चालेल असा लेप कुणी लोकरीवर वापरलाय का? की लेपाऐवजी आतून काही भरावं?