मदत हवी आहे: ओमेगा सेंटॉरीचा गाभा जळतोय
मंडळी, अमावास्येच्या रात्री वेल्ह्याजवळून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ कॅमेऱ्यात टिपला. १३० मिमी न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ ६५० मिमी, डीएसएलआर, आयएसओ १६००, ३० सेकंदांच्या ६० फ्रेम्स, गायडिंग (एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सतत दुरुस्त करणं) नाही. स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेम्स एकावर एक जोडल्यावर, कडेचे तारे सुटे दिसतात, मधे मात्र ताटात वाढलेली भाताची मूद!

आपल्याकडून हा गुच्छ जेमतेम २४ अंश वर येतो, त्यात क्षितिजाजवळची धूळ, म्हणून तारे फुगले असतील म्हटलं. पण एम १३ हा दुसरा तारकागुच्छ बऱ्यापैकी डोक्यावर असतानाही तेच झालं. गंमत म्हणजे सुट्या फ्रेममध्ये गाभ्यातले तारे थोडेफार वेगळे दिसतात. मग घोळ स्ट्रेचिंगमध्ये (फोटोतले अंधूक भाग उजळवण्यात) आहे का? की १० सेकंदांच्या फ्रेम्स घेऊन गाभ्यापुरत्या मिसळू? नवीन खरेदी सोडून काहीही सुचवा, घरी आधीच कुरबुर आहे.