घर ते मांगर ४० मीटर, जुनं १० गिगाबिट कार्ड कुठलं घेऊ?

कुडाळचो शूटर:
नमस्कार मंडळी, लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो. पीसी घरात माडीवर, आणि स्टोरेजचा डबा (जुना सर्व्हर, लिनक्स, ४ हार्ड डिस्क) मांगरात (घराबाहेरच्या खोपीत), कारण आई म्हणते घरात घरघंटी लावल्यासारखं वाटतं. मधे ४० मीटर साधी कॅट ५ई लॅन वायर, १ गिगाबिट. एका लग्नाचा ५०० जीबी डेटा टाकायला सव्वा तास जातो, तोवर चहा दोनदा होतो. त्यात मे महिन्यात वळीव आला, एकच कडाडली आणि पीसीचा लॅन पोर्ट आणि मांगरातला स्विच दोन्ही एकाच वेळी गेले. आता परत खर्च करायचाच आहे तर नेटवर फिरताना वापरलेली १० गिगाबिटची नेटवर्क कार्डं दोन-अडीच हजारात दिसली. इंटेल एक्स५४० ला नेहमीचीच लॅन वायर लागते म्हणून तेच घ्यावं असं मनात आहे. बरोबर का?

चिपळूणचा रूट:
नको रे. ते कार्ड सर्व्हरसाठी बनवलेलं, तिथे पंख्यांचा वारा जोरात वाहतो, तुझ्या पीसीत ते चांगलंच तापेल, वेगळा पंखा बसवावा लागेल. शिवाय ते एकतर १० वर चालतं नाहीतर थेट १ वर, मधले २.५ आणि ५ त्याला येत नाहीत. ४० मीटर कॅट ५ई वर १० टिकेल याची हमी नाही, कॅट ६ सुद्धा ५५ मीटरपर्यंतच धरतात, म्हणजे वायर बदलायचीच आहे. बदलायचीच तर तांबं कशाला, फायबर (काचेची तार) टाक.
एसएफपी प्लसवालं कार्ड घे, म्हणजे ज्यात फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल बसतं ते. मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ चं एमसीएक्स३११ए, एक पोर्ट, कमी तापतं, पीसीआयई ३.० (पीसीतला कार्डाचा स्लॉट) च्या चार लेनचं, लेन म्हणजे डेटाची वाट. इंटेल एक्स५२० पण चांगलं, पण ते दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल पटकन स्वीकारत नाही. लिनक्सवर ड्रायव्हरला allow_unsupported_sfp हा पर्याय देऊन काम होतं, विंडोजवर तसली सोय नाही, आणि तुझा एडिटिंगचा पीसी विंडोजच असणार. पीसीतला स्लॉट बघ, चार लेनचा तरी हवा. एक लेनच्या छोट्या स्लॉटात घालायच्या भानगडीत पडू नको.

अलिबागवाला:
एवढा आटापिटा कशाला? ४ हार्ड डिस्क मिळून सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास देतील, १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५० एमबी, निम्मासुद्धा वापर होणार नाही. नवीन २.५ गिगाबिटची दोन कार्डं आण, आहे ती वायर चालेल, सव्वा तासाचं काम अर्ध्या तासात.

चिपळूणचा रूट:
हिशोब बरोबर आहे दादा, घरातल्या घरात असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण त्याचं वायरीनेच मेलं ना. दोन इमारतींच्या मधे तांब्याची वायर आहे तोपर्यंत दर वळवाला जीव मुठीत.

गुहागर फायबर:
मी केबलचं काम करतो म्हणून सांगतो. काचेतून करंट जात नाही, त्यामुळे फायबर टाकलीस की त्या वाटेने वीज यायचा प्रश्न मिटला (मेन लाइनमधून येणारी वेगळी, त्याचं अर्थिंग बघ). फक्त घुशी कुरतडतात म्हणून पत्र्याचं कवच असलेली आर्मर्ड घेशील, तर परत धातूच जोडलास. साधी ड्रॉप केबल (घरापर्यंत येते ती बारीक फायबर) घे, आतला आधार स्टीलच्या तारेचा नको, एफआरपीचा (धातू नसलेल्या प्लास्टिकचा), आणि पीव्हीसी पाइपातून ने. गावोगाव केबलवाल्याकडे सिंगल मोडच (लांब पल्ल्याची फायबर) असते, म्हणून मॉड्यूल १३१० नॅनोमीटरची एलआर (लांब पल्ल्याची) घ्या, १० किलोमीटरची असली तरी ४० मीटरवर काही होत नाही. एसआर (जवळच्या पल्ल्याचं) घेतलंत तर त्याला लागणारी मल्टीमोड फायबर शोधत फिराल. आणि आमच्याकडे टोकाला हिरवा कनेक्टर असतो, तो तिरका घासलेला, मॉड्यूलला निळा एलसी (छोटा कनेक्टर) लागतो. स्प्लाइस (फायबरचा जोड) करतानाच निळी पिगटेल (कनेक्टर लावलेला तुकडा) लावून घ्या, दहा मिनिटांचं काम.

चिपळूणचा रूट:
कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घे नाहीतर ऑनलाइन, पण दोन्ही बाजूंचे फोटो माग. एफएलआर लिहिलेलं स्वस्त दिसतं, ते सर्व्हरच्या खास स्लॉटचं, मी एकदा घेऊन बसलोय, आता पेपरवेट आहे. आणि आपल्या खाऱ्या हवेत राहिलेलं असेल तर सोनेरी दात काळवंडलेले असतात, खोडरबरने हलकं घासून मग बसव.

कुडाळचो शूटर:
तीन आठवड्यांनी येतोय. दोन एमसीएक्स३११ए आणली, पाइप पुरला, केबलवाल्याने निळी टोकं लावून दिली. लिनक्सवर लगेच दिसलं, विंडोजला जुना ड्रायव्हर शोधायला एक संध्याकाळ गेली. ५०० जीबी २२ मिनिटांत! पण एका कार्डाला बुटकी पट्टी (पीसीला स्क्रूने धरणारी) आली आहे, टॉवरला स्क्रू बसत नाही, कार्ड सध्या झिप टायने बांधलंय. कोणाकडे मोठी पट्टी पडली असेल तर एसटीने पाठवा, डेपोत येऊन घेतो, पैसे लगेच.