डिकीवरची अक्षरं काढायची आहेत, रंगाला धक्का न लावता

रंकाळाकाठ
गाडी २०१६ ची हॅचबॅक, रंग लाल, कंपनीचाच. डिकीवर मधोमध लोगो, डावीकडे मॉडेलचं नाव सुट्ट्या अक्षरांत, उजवीकडे व्हेरियंटची पट्टी आणि खाली शोरूमचं स्टिकर. लोगो राहू दे, बाकी सगळं काढायचंय. अक्षरांच्या बेचक्यात लाल माती आणि जुनं पॉलिश साठून दगड झालंय, ब्रश पोचत नाही. उद्यमनगरातल्या गॅरेजात विचारलं तर "थिनर लावून पत्तीनं उडवतो, दहा मिनिटांचं काम" असं उत्तर मिळालं. मन घेत नाही. घरी जमेल का? काय काय लागेल, आणि खाली डाग निघाला तर काय करायचं?

पत्रा_आणि_रंग
जमतंय की. पत्ती मात्र लांब ठेवा. लोखंडी पत्तीचा कोपरा एकदा टेकला की चरा क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) पार खाली जातो, आणि तो पॉलिशनं निघत नाही.

ही अक्षरं डबल टेपवर बसवलेली असतात. टेप म्हणजे साधारण १ मिमी जाडीचा फोम, दोन्ही अंगांना गोंद. आपल्याला अक्षर रंगावरून उपटायचं नाही, मधला फोम कापायचाय. सरळ ओढलं की सगळा जोर एका कडेवर येतो आणि रंग कुठं कच्चा असेल तर पोपडा टेपसकट हातात येतो.

कापायला तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) घ्या, ०.४ ते ०.५ मिमीची, दोन हात लांब. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते. दात साफ करायचा धागाही चालतो, पण तो सारखा तुटतो. शिवाय केस वाळवायचा ड्रायर, मास्किंग टेप, गाडीचा शाम्पू, चार मायक्रोफायबर फडकी, निलगिरी तेल किंवा टार रिमूव्हर, आणि शेवटच्या पुसण्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल.

आधी डिकी धुवा, आणि बेचक्यातली माती मऊ टूथब्रशनं शाम्पूचं पाणी लावून भिजवून भिजवून काढा. ही पायरी लोक गाळतात. माती तशीच राहिली तर तंगूस ती पुढे ढकलत नेते आणि रंगावर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. वाळल्यावर अक्षरांच्या भोवती अगदी कडेपर्यंत मास्किंग टेपचे दोन थर लावा.

मग ड्रायर. पाच-सहा सेंमी अंतरावरून हलता ठेवून एका अक्षराला दीड-दोन मिनिटं. शेजारच्या पत्र्यावर बोट ठेवलं आणि दोन-तीन सेकंदांत काढावंसं वाटलं, की पुरे. एका वेळी एकच अक्षर तापवायचं, कारण पुढच्या अक्षराकडे जाईपर्यंत फोम पुन्हा घट्ट होतो. तंगुसाची टोकं दोन्ही हातांत फडक्यावर गुंडाळा, नाहीतर बोटं कापतात. वरच्या कडेतून आत घालून करवतीसारखी मागं-पुढं ओढत खाली आणा. तंगूस अक्षराच्या पाठीला घासत राहू दे, रंगाला नको. शेवटच्या टप्प्यात अक्षर दुसऱ्या कुणाला धरायला सांगा, निसटून बंपरवर पडलं तर तिथं नवा चरा.

फोमचा जो थर रंगावर उरेल तो पुन्हा कोमट करून अंगठ्यानं पुढे लोटत न्या. त्याच्या गोळ्या होऊन बराचसा सुटतो. उरलेल्या गोंदावर निलगिरी तेलात भिजवलेलं फडकं तीन-चार मिनिटं नुसतं ठेवा, घासायची घाई नको. गोंद फुगला की पुसून येतो. शेवटी अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्म करून तेलाचा अंश काढा.

सावलीतच करा. एप्रिलच्या दुपारी उन्हातल्या पत्र्यावर तेल लावलं तर काम करायच्या आत उडून जातं. थंडीच्या सकाळी उलट, फोम कडक असतो आणि तंगूस अडते. शोरूमचं स्टिकर सोपं आहे: ड्रायरनं गरम करून एक कोपरा नखानं उचला आणि स्टिकर स्वतःवरच दुमडून, पत्र्याला जवळजवळ चिकटून, सावकाश ओढा.

क्लिअरकोट
पद्धत बरोबर आहे. पण हे सगळं कंपनीच्या रंगाला लागू. "कंपनीचाच" हे खात्रीनं माहीत आहे का? मागून ठोकर बसून डिकी कधी रंगवून घेतली असेल तर हिशोब बदलतो. डिकीचं रबरी बीडिंग सरकवून आतली कड बघा. रंगाची तुटक रेघ किंवा मास्किंगची पायरी नखाला लागली तर ती पुन्हा रंगवलेली. जाडी मोजायचं यंत्र कुणाकडे असेल तर आणखी बरं: कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, २०० च्या वर आकडा गेला की संशय घ्यायचा, आणि खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तर तो आणखी कितीतरी वर जातो.

थिनरचा धोकाही इथंच आहे. कंपनीत रंग भट्टीत भाजलेला असतो, तो थिनर क्षणभर सोसतो. गॅरेजमधला रंग बऱ्याचदा नुसता हवेवर वाळलेला असतो, थिनर लागताच मऊ पडतो आणि फडक्याला लाल रंग यायला लागतो. मागच्या दिव्याच्या काचेला थिनरचा थेंब लागला तर ती कायमची धुरकट होते, कारण ती काच नसून प्लास्टिक असतं.

हीट गन वापरू नका. तिच्या तोंडाशी हवा ३०० अंशांच्या पुढे जाते, एक क्षण थांबली की क्लिअर कोटला फोड. आणि ड्रिल मशिनला लावायचं रबरी चाक मिळतं, ते लांब पट्ट्यांच्या स्टिकरला छान आहे, पण कमी वेगावर. तेच चाक कुणी ग्राइंडरला लावलं, तर तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो, रंग जळतो.

रबिंग_पॉलिश
डागाचं सांगतो. लाल रंग उन्हानं लवकर फिका पडतो, त्यामुळे इतक्या वर्षांनी अक्षराखाली गडद लाल आणि भोवती फिकट असं नाव पुन्हा वाचता येईल, याची तयारी ठेवा. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या आधी वेगळ्या करायच्या. कडेची काळपट रेघ म्हणजे मळ: शाम्पूच्या पाण्यात भिजवून क्ले बार (मळ ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी) फिरवला की जाते. उरतो तो उन्हाचा फरक.

त्यासाठी अक्षराच्या जागेवर घासून उपयोग नाही, भोवतीचा फिका थर उजळायचा असतो. म्हणून हातभर चौकोन धरून फोम पॅडवर बारीक पॉलिश, दोन फेऱ्या. कमी वाटलं तरच मध्यम कंपाउंड (जरा जास्त घासणारं पॉलिश), आणि त्यानंतर पुन्हा बारीक पॉलिश. क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचाच असतो, तो पुन्हा भरून येत नाही. पत्र्याच्या घडीवर आणि कडेवर पॅड टेकवू नका, तिथं थर सगळ्यात पातळ. आणि फडक्यावर लक्ष ठेवा. लाल रंग उतरायला लागला तर एकतर गाडीचा रंग बिनक्लिअरचा आहे किंवा क्लिअर संपलाय. दोन्ही वेळा हात आवरता घ्या. डाग पूर्ण नाहीसा होईलच असं नाही. तिरप्या उजेडात पुसट आकार राहू शकतो.

झाल्यावर वॅक्स लावा. गळिताच्या हंगामात कारखान्यांची काजळी उघड्या रंगावर लगेच बसते.

रंकाळाकाठ
बीडिंगखाली बघितलं, रंग एकसंध आहे. अक्षरं सगळी सुटली, खाली गडद नाव दिसतंय, क्ले बारनं कडा गेल्या. पण उजवीकडची पट्टी निघेना. तंगूस मधून सरळ जातेय, दोन्ही टोकांपासून बोटभर आत मात्र अडतेय. आणखी तापवू का?

पत्रा_आणि_रंग
थांबा, तापवू नका आणि ओढूही नका. तिथं प्लास्टिकच्या खुंट्या आहेत, पत्र्यातल्या भोकांत बसलेल्या. जोर केला तर खुंटी तिरकी होऊन भोकाच्या कडेचा रंग उडतो, आणि ती कड उघडी पडली की गंजाची सुरुवात तिथूनच. डिकीच्या आतली ट्रिम काढून बॅटरीच्या उजेडात बघा, दोन टोकं दिसतील.

पट्टी काढली तर भोकं उरणार. आतून रबरी बूच आणि सीलंट लावता येतं, पण बाहेरून ती दिसतातच. कायमचं बुजवायचं तर वेल्डिंग करावं लागतं, त्यात भोवतीचा रंग जळतो आणि अख्खी डिकी रंगवावी लागते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात अर्धवट बुजवलेल्या भोकातून पाणी थेट लॉक आणि वायपरच्या वायरिंगवर जाईल. मधला फोम कापलाय तेवढा अल्कोहोलनं पुसून नवी डबल टेप घाला आणि पट्टी जागेवर दाबून बसवा. एक दिवस गाडी धुवू नका.